डावीकडून दुसरी खुंटी

११ जानेवारी

साडूभाऊ, नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नका. बिट्टी तुमच्याकडे राहायला आली त्याच आठवड्यात लिहिणार होतो. दोनदा बसलोही. पण वाचून पाहिलं तर खुशालीचं पत्र कमी आणि तक्रारअर्ज जास्त वाटला, म्हणून दोन्ही कागद फाडून टाकले. चौथी शिकलेल्या सुतारानं मनातलं लिहायला घेतलं की असं होतं.

फोन का करत नाही असं म्हणाल. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं बिट्टी सांगत नाही. "बरी आहे बाबा, साइटवर आहे, नंतर बोलते," एवढं बोलून ठेवते. ते 'नंतर' अजून आलेलं नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. ती वेळेवर जेवते का? त्या जुन्या बराकींचं काम म्हणजे नुसती धूळ. तिला धुळीनं शिंका येतात, तोंडाला फडकं बांधते का? शिडीवर चढली की खाली वाकून बघायची तिला खोड आहे, तेवढी मोडा.

एवढ्या जवानांच्या झोपायच्या इमारती, त्या न पाडता आतून नव्या करायच्या, आणि सगळी देखरेख माझ्या मुलीची, हे मी इथं प्रत्येकाला सांगून झालंय. किराणावाला आता मला पाहिलं की आतल्या खोलीत जातो. पण अभिमान वेगळा आणि घोर वेगळा.

तुम्ही त्याच बराकींच्या भांडारात नोकरी केलीत, घरही फाटकासमोर. तिनं तुमच्याकडे राहणं सोयीचं आहे. सोयीचं आहे असं मी मनाला रोज सांगतो. तिची आई गेल्यापासून या घरात बोलायला दोन माणसं होती, आता एकच आहे, ते कोणाशी बोलणार? तिकडे तिला मावशी आहे. मेहुणीचा आवाज अगदी तिच्या थोरल्या बहिणीसारखा. स्वयंपाकघरातून हाक आली की बिट्टीला आईच बोलावतेय असं वाटत असेल. तुमचं बरं आहे.

मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरबरोबर एक पट्टी पाठवली आहे, चार खुंट्यांची. आमच्या दारामागे आहे तशीच्या तशी. बिट्टीच्या खोलीत लावा, नाहीतर ती सगळं जमिनीवर टाकते. डावीकडून दुसरी खुंटी तिची, हे तिला सांगायला नको. माझा हात आता थरथरतो, म्हणून एवढ्याशा पट्टीला पंधरवडा गेला. पण रंध्याचा एक ओरखडा सापडला तर दाखवा.

उत्तर द्या. मेहुणीला नमस्कार.

तुमचा थोरला साडू


२३ जानेवारी

साडूबुवा, नमस्कार.

तुमचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तुमची मेहुणी म्हणते, "दाजींना सांगा, तुमची मुलगी जेवते, झोपते, शिंकते, सगळं वेळेवर." वाकून बघायची खोड मात्र माझ्यानं मोडणार नाही. परवा तिसऱ्या मजल्यावरून वाकून तिनं खालच्या मुकादमाला असं झापलं, की आम्ही फाटकाबाहेर चहा पीत होतो ते कप खाली ठेवून उभे राहिलो. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात टेप, खिशात खडू. मी सगळ्यांना सांगितलं, ही आमची पोरगी बरं का.

काम जोरात आहे. आमच्या वेळी एकेका लांबलचक दालनात खाटांच्या रांगा असायच्या. एक घोरला की सगळी पलटण जागी. आता मधे भिंती घालून चार-चार जणांच्या खोल्या होताहेत. आतच संडास, आतच न्हाणी. जुना रंग खरवडला तर खाली हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली निळा, आणि त्याखाली कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं 'घरी जायचंय'. बिट्टीनं ते पुसायच्या आधी मला बोलावून दाखवलं.

आता पट्टीबद्दल. आमच्या घराच्या भिंती म्हणजे नुसता भुसा. स्क्रू फिरवला की गिलावाच हातात येतो. म्हणून पट्टी आठवडाभर कपाटामागे उभी होती आणि बिट्टी आपली बॅग दारामागच्या खिळ्याला अडकवत होती. पण तुमच्या पट्टीचं नशीब थोर. ऐका.

या कामात सगळ्या खोल्या एकदम करत नाहीत. आधी एकच खोली पुरी करतात, तिला म्हणतात नमुना खोली. साहेब लोक येऊन बघतात. पसंत पडली की दारावर शिक्का बसतो. मग तिच्यात जे जसं आहे, ते तसंच सगळ्या इमारतीत करायचं. बटण कुठल्या उंचीवर, नळ कुठल्या हाताला, काहीही वाद निघाला की सगळे नमुना खोलीकडे पळतात. तर साहेब यायच्या दिवशी ठेकेदाराच्या खुंट्याच आल्या नव्हत्या. भिंत बोडकी दिसायला नको म्हणून बिट्टीनं घाईघाईत तुमची पट्टी लावली. मागाहून बदलू म्हणाली. साहेब आले, चार खाटा, चार खुंट्या, खूश झाले आणि शिक्का मारून गेले. आता बदलायची सोय नाही. तुमची पट्टी आता सरकारी झाली!

माझं अक्षर सुधारलेलं दिसेल. बिट्टीनं मला धरून नेलं आणि नवा चष्मा करून दिला.

तुमचा धाकटा साडू


२ फेब्रुवारी

साडूभाऊ, नमस्कार.

पत्र पोचलं. चष्म्याबद्दल अभिनंदन. माझ्या चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली आहे, पण मी ते कोणाला सांगत नाही.

पट्टी शिक्क्याखाली गेली हे वाचून मी उठून दारामागच्या आमच्या पट्टीला हात लावून आलो. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या केल्या, पण एकाही दारावर कुणी शिक्का मारला नाही. साहेबांनी विचारलं का, ही कुणी केली? बिट्टीनं काय सांगितलं? तुम्ही एवढं पानभर लिहिलंत आणि नेमकं तेच लिहिलं नाहीत.

भिंतीचं मात्र मला पटलं नाही. भिंत भुसभुशीत असली तर आधी लाकडाची गुट्टी ठोकायची आणि तिच्यात स्क्रू घ्यायचा. हे मी तिथं असतो तर चहा उकळेपर्यंत केलं असतं. लावायची नव्हती असं सरळ म्हणा. तुमच्या घरात माझी वस्तू भिंतीवर दिसायला नको, एवढंच ना? माझी वस्तू कपाटामागे, आणि माझी मुलगी मात्र चहाच्या वेळी सगळ्यांना दाखवायला.

'आमची पोरगी' म्हणालात. म्हणा बापडे. पण ती जी वरून वाकून ओरडते ना, तो आवाज माझा आहे. माझ्या कारखान्यात करवतीच्या वर आवाज काढावा लागायचा. ती तिथंच, भुशाच्या ढिगावर मोठी झाली. खडू कानामागे न ठेवता खिशात ठेवते, ते कानामागे ठेवून माझा खडू पाण्याच्या पिंपात पडला तेव्हापासून. तुम्हाला हे कुठून माहीत असणार?

ते 'घरी जायचंय' तिनं तुम्हाला बोलावून दाखवलं. मला फोनवर सांगितलं नाही. तीन पत्रं मी तिला वेगळी लिहिली, त्यांचं उत्तर नाही. तुमच्याशी बोलून तिचं बोलणं संपत असेल.

वाईट वाटून घेऊ नका. पण थोडं घ्या.

तुमचा थोरला साडू


२० एप्रिल

साडूबुवा, नमस्कार.

उत्तराला अडीच महिने लागले. तुमचं ते पत्र वाचून तुमची मेहुणी म्हणाली, "लगेच उत्तर दिलंत तर भांडण होईल," म्हणून ठेवून दिलं. नंतर इथं गडबडच सुरू झाली.

पहिले दोन मजले पुरे झाले आणि जवान राहायलाही आले. वरच्या मजल्यांचं काम चालू आहे. सगळ्या खोल्यांत तुमच्या पट्टीसारखीच पट्टी बसली आहे. ठेकेदाराच्या सुतारांनी नमुना खोलीवरून हुबेहूब उचलली, खुंट्यांसकट. बिट्टीला या बराकीनंतर शेजारच्या बराकींचंही काम मिळेल असं ऐकतो. म्हणजे अजून दोन वर्षं ती इथंच. ती स्वतः तुम्हाला लिहील, मी आधी बोललो असं सांगू नका.

दुसरी गोष्ट. सध्या पट्टीचाच विषय सगळीकडे आहे. जवान बोलतात, मुकादम बोलतो, मोठ्या साहेबांनी एक पट्टी उतरवून स्वतःच्या टेबलावर मागवून घेतली. नमुन्याची पट्टी कुणी केली असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी पुढं होऊन सांगितलं की मी केली. भांडारात होतो तेव्हा फावल्या वेळात लाकूडकाम करायचो, असं ठोकून दिलं.

याचं कारण पत्रात लिहिण्यासारखं नाही. समोर भेटाल तेव्हा सांगेन. तोवर कुणी विचारलंच तर पट्टी साडूनं केली असंच म्हणा. बिट्टीलाही हे माहीत आहे. माझं एवढं ऐका.

तुमचा धाकटा साडू


२७ एप्रिल

साडूभाऊ,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

तुमचं पत्र मी चार जणांना वाचायला दिलं, कारण मला वाटलं माझा मोडका चष्मा चुकतोय. चौघांनीही तेच वाचलं. मोठ्या साहेबांच्या टेबलावर माझी पट्टी, आणि केली म्हणे तुम्ही! ज्या माणसाच्या घरात बाज करकरली तर मला बोलवायचे, तो फावल्या वेळात लाकूडकाम करायचा! खिळा ठोकताना स्वतःचा अंगठा ठेचलात, तेव्हा पट्टी मीच बांधली होती, आठवतं का?

आणि बिट्टीला हे माहीत आहे. तिच्यासमोर तुम्ही 'मी केली' म्हणालात आणि ती गप्प बसली. चौथी शिकलेल्या बापाची लाज वाटली असेल. तिथं साहेब लोक, इथं कानात खुंट्या बसलेला म्हातारा.

तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून मी इतके दिवस काही बोललो नाही. ती तुमच्या पंगतीला जेवते, चालेल म्हटलं. चष्मा तुम्हाला, चालेल. दोन वर्षं आणखी तुमच्याकडे, तेही गिळलं, आणि तेही मला तुमच्याकडून कळलं. पण पट्टी तेवढी सोडायची होतीत. हाताचं एक काम उरलं होतं माझ्याकडे.

एक विचारतो. साहेबांनी तुम्हाला विचारलं असेलच, की चार खुंट्यांत डावीकडून दुसरी लांब का, आणि टोकाला वर का उचललेली? काय सांगितलंत? तुम्हाला सांगताच येणार नाही. आमच्या दारामागे पहिली खुंटी माझी, दुसरी बिट्टीची, तिसरी तिच्या आईची, चौथी आल्या-गेल्या पाहुण्याची. शाळेत जाताना बिट्टीची बॅग इतकी फुगलेली असायची की साध्या खुंटीवरून घसरून खाली पडायची आणि बाईसाहेब रडत बसायच्या. म्हणून तिची खुंटी मी लांब केली आणि टोक उचललं. तुमच्यासाठी पट्टी करताना हात आपोआप तसाच गेला. दुसऱ्या कुणाचा जाणार नाही.

हे सगळं मी मोठ्या साहेबांना कळवलं आहे. किराणावाल्याच्या मुलीकडून चांगल्या अक्षरात लिहून घेतलं. कामावर देखरेख करणारी मुलगी माझी, पट्टी माझी, लांब खुंटी माझी, आणि आपण केली म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे, असं स्पष्ट लिहिलं. परवाच टपालात टाकलं. तुम्हाला आधी विचारायचं म्हणत होतो, पण तुम्ही तरी मला कुठं विचारलंत.

थोरला साडू


९ मे

आपणांस नमस्कार.

आपलं साहेबांना लिहिलेलं पत्र मिळालं, म्हणजे सर्वांसमोर वाचून दाखवण्यात आलं. आता जे समोर भेटल्यावर सांगणार होतो ते लिहूनच सांगतो. हे पत्र चार जणांना वाचायला देऊ नका.

पट्टीचा विषय सगळीकडे आहे असं मी लिहिलं होतं. आपण समजलात, कौतुक होतंय. जवानांचं सामान जड असतं. तीन खुंट्यांवर ते ठरत नाही, लांब खुंटीवर ठरतं. खोलीत माणसं चार, लांब खुंटी एक. पहिल्या आठवड्यापासून खोल्याखोल्यांत त्या खुंटीवरून कुरबूर सुरू झाली. कुणी म्हणे मी आधी आलो, कुणी म्हणे मी वयानं मोठा. एका खोलीत हाणामारी झाली, एकाचा पुढचा दात पडला. सैन्यात चार माणसांना चार वस्तू द्यायच्या तर त्या चारही सारख्या पाहिजेत. मी भांडारात असताना चार पांघरुणांत एक जाड निघालं तर परत पाठवायचो. हे मला दिसायला हवं होतं. मी फक्त आपलं काम सुबक आहे एवढंच बघत राहिलो.

चौकशी लागली. ही विचित्र पट्टी नमुना खोलीत आली कुठून? ती देखरेख करणाऱ्या बाईच्या बापानं केलेली आहे असं कळलं असतं, तर लोक म्हणाले असते, घरचा माल घुसवला. एक पैसा घेतला नाही हे कोण ऐकतो? म्हणून मी म्हणालो, माझी आहे, जुन्या भांडारातल्या माणसाची, तिला काय ठाऊक. साहेबांनी विचारलं, ही एक लांब का? मी म्हणालो, शोभेला. सगळे हसले. म्हातारा खुळा आहे म्हणून प्रकरण तिथंच मिटत होतं.

मग आपलं पत्र आलं.

वाचत होते तेव्हा बिट्टी समोर उभी होती. बॅग, शाळा, रडत बसायच्या, सगळं वाचलं. ती खाली मान घालून ऐकत होती. तिला कामावरून बाजूला केलं आहे. निर्णय होईपर्यंत साइटवर पाऊल टाकायचं नाही. मला फाटकातून आत सोडत नाहीत. त्याचं काही नाही, चहा बाहेरही मिळतो.

बिट्टी दिवसभर खिडकीत बसते आणि समोर दुसरा कुणी पिवळं हेल्मेट घालून फिरतो ते बघते. आपल्याला तिची काळजी होती ना? आता ती वेळेवर जेवत नाही.

आपला


१२ मे

बाबा,

काकांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण लिहिताना त्यांचा चेहरा पाहिला. म्हणून मीही लिहिते. तुमच्या तीन पत्रांचं उत्तर दिलं नाही, कारण तिन्ही पत्रांत एकच प्रश्न होता, तुझं तिथं कोण जास्त. मला त्याचं उत्तर येत नव्हतं.

तुम्ही काकांना लिहिलंत की मी गप्प बसले. लाज वाटून नाही. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात काकांनी माझ्या पायावर पाय दिला. बूट घालून.

त्यांना एक गोष्ट माहीत नाही, तुम्हालाही नाही. पट्टी मी घाईत लावली हे खरं. पण पुढं ठेकेदाराचा सुतार मला विचारायला आला होता. "बाई, यातली एक खुंटी लांब आहे, चुकून झालेली दिसते. बाकीच्या खोल्यांत सारख्या करू का?" तेव्हा नुसतं 'करा' म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं. मी म्हणाले, "नमुन्यात आहे तशीच घ्या." शिक्क्याचं निमित्त केलं. खरं म्हणजे मला ती प्रत्येक खोलीत हवी होती. सकाळी पहिल्या मजल्यापासून फिरायला लागले की प्रत्येक दारामागे आपलं घर दिसायचं. साहेबांना हे कसं सांगणार? त्यांना सांगितलं, चूक माझी. ती आहेच.

त्यामुळे सगळा दोष तुमचा नाही. पण पत्र तुमचं होतं. पाठवण्याआधी मला एकदा विचारायचं होतं. तुमच्या पत्रात 'माझी' हा शब्द किती वेळा आला ते मी ऐकत होते. पट्टी माझी, खुंटी माझी, मुलगी माझी. एकाच सुरात.

चष्म्याबद्दल तुम्ही मनाला लावून घेतलंत असं मावशी म्हणाली. काकांना हाताला धरून दुकानात नेता आलं. तुम्ही गाव सोडून यायला तयार नाही, तर तुमचा नंबर मी कुठून काढू? फ्रेम घेऊन ठेवली आहे, नुसती. काचा नाहीत.

आता साहेबांना काही लिहू नका. कुणालाच लिहू नका.

बिट्टी


१ जून

साडूभाऊ, नमस्कार.

पुन्हा उशीर झाला. कुणालाच लिहू नका असं बिट्टीनं बजावलं होतं, ते इतके दिवस पाळलं. आज मोडतो, कारण मला साहेबांचं उत्तर आलं आहे.

उत्तर चार ओळींचं आहे. पट्टी आपणच केल्याचं आपण लिहिता, तरी ज्यांवरून वाद झाला त्या खुंट्या करणाऱ्यानं स्वतः येऊन सर्व खोल्यांत एकसारख्या करून द्याव्यात, त्याचा मोबदला मिळणार नाही, आणि काम पुरं झाल्यावर आपल्या मुलीला पुन्हा रुजू करून घेण्यात येईल. खाली सही आणि शिक्का. ती पट्टी माझी आहे असं लिहिलेला जगात हा एकच कागद. मी तो अजून कोणाला दाखवलेला नाही. किराणावाला दोनदा आपणहून विचारून गेला, तरी नाही.

तुम्हाला मी खोटं बोलणारा म्हणालो, साहेबांना तसं लेखी कळवलं. तुम्ही माझ्या मुलीसाठी स्वतःला खुळा म्हणवून घेतलंत. हे मला सुचलं नसतं. मला फक्त भांडायचं सुचतं. इथं बसून मी रोज बघत होतो की तुमच्या ताटात माझ्यापेक्षा किती जास्त वाढलंय. त्यात काय वाढलंय ते बघितलं नाही. माफ करा असं लिहिणं सोपं आहे, म्हणून नुसतं लिहीत नाही, येऊन म्हणतो.

काम मला जमेल. घडवायचं असतं तर माझ्या हाताला आता झेपलं नसतं, कापायचं आहे. साध्या खुंटीच्या लांबीएवढा जाड ठोकळा केला आहे, त्याला मधोमध भोक. तो लांब खुंटीवर सरकवायचा, बाहेर येईल तेवढं करवतीनं उडवायचं. उचललेलं टोकही त्या तुकड्याबरोबरच जातं. हात थरथरला तरी करवत ठोकळ्याला धरून चालते. पडवीत जुन्या खुंट्यांवर करून पाहिलं. चारही सारख्या दिसल्या. सारख्या दिसल्या आणि मला कसंतरीच झालं, पण ते माझं मी बघेन. त्या जवानाच्या दाताचं काय झालं तेही कळवा. मला तो भेटला तर काय बोलू?

नमुना खोलीतली मूळ पट्टी मात्र मी कापणार नाही. साहेबांच्या पाया पडेन, पण ती उतरवून घेईन आणि तिथं दुसरी, सरळ बसवून देईन. ती पट्टी तुमच्या घरी लावायची. दारामागे खिळा आहे ना, बिट्टी बॅग अडकवते तो, बरोबर त्या जागी. भिंतीचं निमित्त आता ऐकून घेणार नाही. गुट्ट्या तासून ठेवल्या आहेत. पहिली खुंटी तुमची, दुसरी तिची, तिसरी मेहुणीची. चौथी पाहुण्याची. काम होईपर्यंत ती मला द्या.

माझं सामान फार नाही. जेवणाचंही काही कौतुक नको. बिट्टी तुमच्याशी हसून काय काय बोलते ते माझ्यासमोर बोलू दे, मी ऐकून घेईन. एकदम सगळं नको, पहिल्या दिवशी थोडं.

पण एक विचारल्याशिवाय गाडीत बसायचा मला धीर होत नाही. मी दाराशी आलो तर बिट्टी दार उघडेल का? तिला तुम्ही विचारा. तुम्हाला जमत नसेल तर मेहुणीला विचारायला सांगा, तिच्या आवाजात विचारलं तर ती खरं सांगेल. 'नाही' म्हणाली तरी मी येऊन काम करणारच आहे, रात्री फाटकाबाहेरच्या धर्मशाळेत नाहीतर कुठंही पडेन. फक्त आधी माहीत असलेलं बरं.

करवत, ठोकळा आणि गुट्ट्या पिशवीत भरून पिशवी दारामागे अडकवली आहे. वजन फार झालं, म्हणून दुसऱ्या खुंटीला. वाट बघतो आहे. दोन ओळी का होईना, पण आजच लिहा.

तुमचा थोरला साडू